पश्चिमेस कोण?

“चतुःसीमा सांगा.”

समोर कुणीही येऊन बसलं, की नाव-गाव विचारण्याआधी आमचे रायटर हे दोन शब्द टाकत. डोळे मिटलेले, टाक दौतीत बुडवून वर धरलेला, आणि डाव्या हाताचं बोट हवेत पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असं फिरत असलेलं. एकदा एक बाई कचेरीत नुसतं पाणी प्यायला आली होती. तिलाही त्यांनी चतुःसीमा विचारली. ती बिचारी तहानलेलीच परत गेली.

ज्यांनी आयुष्यात कधी घर घेतलेलं नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. चतुःसीमा म्हणजे आपल्या घराच्या चारी बाजूंना कोण कोण आहे त्याची यादी. खरेदीखतात घराची ओळख अशीच पटवतात. घर हवेशीर आहे का, गळतं का, त्यात ढेकूण किती, यातलं काहीही सरकारला नको असतं. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, एवढं लिहिलं की सरकारचं समाधान होतं.

मी तेव्हा बारामतीच्या कचेरीत दस्त तपासणारा कारकून होतो आणि ते बाहेरच्या ओवरीत उतरत्या मेजावर दस्त लिहायला बसत. सगळे त्यांना रायटर म्हणत. व्हर्नाक्युलर फायनल पास, डोक्याला काळी टोपी, कानावर एक जादा टाक. अक्षर असं, की त्यांनी लिहिलेली वाईट बातमीसुद्धा दोनदा वाचावीशी वाटे. त्यांच्या दस्तात खाडाखोड सापडली तर चहा माझ्याकडून, अशी आमची पैज होती. इतक्या वर्षांत तो चहा मला कधी पाजावा लागला नाही. पैजेच्या शर्ती मीच ठरवल्या होत्या, यावरून माझी हुशारी लक्षात यावी.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली कितीतरी घरं त्यांच्या टाकाखालून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. स्वतः मात्र ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. याबद्दल कुणी छेडलंच, तर त्यांचं उत्तर तयार असे.

“भाऊसाहेब, माणूस घरमालक झाला असं कधी म्हणायचं?”

“खरेदीखत झालं की.”

“न्हाय. ते कुणीबी करतंय. शेजाऱ्याच्या खरेदीखतात ‘पश्चिमेस’ म्हणून आपलं नाव आलं, की मग झाला. आपल्या दस्तात आपण असतोच की. दुसऱ्याच्या दस्तात असाय पायजे.”

“पश्चिमेसच का? पूर्वेस चालणार नाही?”

“चालंल. पन उगवतीकडं समदं जग बघतंय. मावळतीला कोण हाय ते म्हाईत पायजे माणसाला.”

एवढं तत्त्वज्ञान सांगून झालं, की ते घरमालकाच्या हौदावर रांगेत बादली लावायला जात.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनींचं माहेर कऱ्हाटीचं. लग्नात त्यांच्या आईनं त्यांना एक दगडी उखळ दिलं होतं. आता उखळ ही वस्तू जमिनीत पुरायची असते, कडा भुईच्या बरोबरीला आली पाहिजे, तरच मुसळ नीट बसतं. आणि भाड्याच्या खोलीची भुई खणायची म्हणजे मालकाची परवानगी हवी. मालक होते एक तात्या. ते भाडेकरूनं भिंतीला खिळा मारला तर आपल्याच छातीत मारल्यासारखे कळवळत.

“भुईला हात लावायचा न्हाय,” तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यामुळं ते उखळ वीस वर्षं दाराजवळ पालथं पडून होतं. आल्या-गेल्याला बसायला त्याचा उपयोग होई. मीही त्यावर बसून पुष्कळ चहा प्यालो आहे. वहिनी म्हणायच्या, “लोकांचं उखळ पांढरं हुतंय. आमच्या उखळाचा पाट झालाय, भावजी. बसा.”

तिखट कुटायला त्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी दारी जात. दुसऱ्याच्या उखळात आपली मिरची कुटायची आणि वर त्यांचीही थोडी कुटून द्यायची, हा हिशेब त्यांनी वीस वर्षं केला. वहिनींना हवं होतं ते एवढंच, की हातभर खोल खड्डा खणला तर कुणी ओरडू नये.

आता तुम्ही म्हणाल, मग या गृहस्थानं घर का घेतलं नाही? अहो, घेत होते ना. सारखे घेत होते. दर रविवारी आम्ही घर घ्यायला जायचो.

कसब्यातलं एक घर उत्तम होतं. रायटर अंगणात उभे राहिले, मान वर केली, आणि शेजारच्या माळवदाची पन्हळ पाहिली. “ह्यांचं पावसाचं पाणी आपल्या अंगणात. उद्या बुजवाय गेलो तर पन्हळीचा हक्क सांगत्याल. चला.” दुसऱ्या घराची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक निघाली. “अर्धी भिंत त्याची. त्यानं त्याची अर्धी पाडली तर आपली अर्धी कशावर हुबी ऱ्हानार?” तिसरं घर कालव्याच्या बाजूला होतं आणि त्याच्या भिंतीला वीतभर ओल चढलेली होती. चौथ्याच्या मालकाचा पुतण्या लहानपणी घर सोडून पळाला होता. तो परत येऊन हिस्सा मागेल, अशी रायटरांची खात्री होती. पुतण्याच्या आईनंसुद्धा इतक्या निष्ठेनं त्याची वाट पाहिली नसेल.

पुढं पुढं घर विकणारे त्यांना पाहिलं की दाराला कडी घालू लागले. कारण रायटर पाहून गेलेलं घर मग कुणीच घेत नसे.

शेवटी इंदापूरला एक घर निघालं. आम्ही एसटीनं गेलो, या खेपेला वहिनीही होत्या. घर दोन खणांचं, भिंती कोरड्या, पन्हळ आपल्याच अंगणात पडणारी, कागद स्वच्छ. रायटरांनी चारी बाजूंनी फेरी मारली, शेजाऱ्यांना विचारलं, जुना दस्त तीनदा वाचला. इकडं वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीच्या डाव्या बाजूला टाचेनं एक जागा दाबून पाहिली. मी दारातून ते पाहिलं. भुईवर टाचेचा छोटासा वळ उमटला होता.

रायटर घाम पुसत बाहेर आले. चेहरा पडलेला. “खोट सापडंना.”

“मग घ्या की!”

“खोट सापडत न्हाय म्हंजे केवढी मोठी आसंल, भाऊसाहेब!”

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या. बारामती आली तेव्हा फक्त माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बिनखोटीचं घर सर्गातच असंल. आन् तितं बी ह्यांनी चतुःसीमा इचारली, तर देव दार लावून घ्यायचा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कऱ्हाटीला भावाकडं निरोप धाडला. बैल रिकामे झाले की गाडी घेऊन ये आणि उखळ घेऊन जा. माहेरी तरी ते जमिनीत बसेल.

हा निरोप रायटरांना कळला तेव्हा ते ओवरीत एका गहाणखतावर वाकलेले होते. त्यांनी टाक खाली ठेवला, दौतीला झाकण लावलं. मग मला म्हणाले, “उखळ गेलं तर मागनं ती बी मनानं जाईल. ऱ्हाईल हितंच, पन जाईल.”

आठवड्याच्या आत त्यांनी घर ठरवलं. तीन खणांचं, माळवदाचं, कालव्याकडं जाणाऱ्या गल्लीत. मी पाहायला गेलो आणि थक्क झालो. भिंतीला ओल होती, पूर्वेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक होती आणि त्याच शेजाऱ्याची पन्हळ अंगणात गळत होती.

“रायटर, अहो, यात तर तिन्ही खोटी आहेत!”

“हायेत की,” ते शांतपणे म्हणाले. “पन तिन्ही वळखीच्या हायेत. अनोळखी एक बी न्हाय.”

घर ठरलं, आता पैसे. पोस्टातली शिल्लक काढली, वहिनींच्या पाटल्या गेल्या, आणि राहिलेल्या रकमेसाठी गावातल्या एका पतपेढीत अर्ज केला. पतपेढीची अट साधी होती. दोन लायक जामीन.

आणि इथं आमच्या रायटरांची पंचाईत झाली. कारण जामिनाबद्दल साऱ्या पंचक्रोशीला शहाणं करून सोडणारा माणूस तोच होता. कुणी कर्जरोख्यावर जामीन म्हणून सही करायला आला, की ते टाक त्याच्या हातात देण्याआधी म्हणत, “जामीन ऱ्हाणं म्हंजे मिरची त्यानं खायाची आन् ठसका आपल्याला. इचार कर. अजून येळ गेली न्हाय.” कितीतरी माणसं तिथूनच उठून गेली होती. ऋणकोंनी त्यांना शिव्या घातल्या होत्या आणि जामिनांच्या बायकांनी दुवा दिला होता. थोडक्यात, आपण बसायच्या फांदीवर त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच कुऱ्हाड चालवली होती.

ते एकेकाकडं गेले. किराणा दुकानदार हसून म्हणाला, “तुमीच सांगितलंय की!” शाळामास्तरांनी ठसक्याचं वाक्य त्यांना जसंच्या तसं, काना-मात्रेसह म्हणून दाखवलं. त्यांची शिकवण इतकी मुरली होती, की एकाही शिष्यानं गुरूला दगा दिला नाही.

मग ते माझ्याकडं आले. कचेरी भरलेली होती. त्यांनी पतपेढीचा छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर हातानं एक सुरकुती सारखी केली, आणि जामिनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पगारदार माणूस म्हणजे पहिल्या प्रतीचा जामीन. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

मी चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “वा रायटर! मिरची तुम्ही खाणार आणि ठसका आम्हाला?”

कचेरी हसली. शिपाई तर भिंतीला टेकून हसला. रायटरही हसले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि म्हणाले, “बराबर हाय, भाऊसाहेब. मीच म्हणलं व्हतं.” मग बाहेर जाऊन मेजावर बसले.

त्या दिवशी मला माझ्या हजरजबाबीपणाचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन मी तो विनोद बायकोलाही सांगितला. ती हसली नाही.

आता कळस गावच्या आबांबद्दल सांगायला हवं. हे आबा मेंढरं राखत. उतारवयात भटकंती पुरे म्हणून त्यांनी बरीचशी मेंढरं विकली आणि गावात घर घ्यायला निघाले. दस्त लिहायला आले तेव्हा रायटरांनी बोट फिरवलं.

“चतुःसीमा सांगा. पूर्वेस?”

“उगवतीला व्हय? सूर्व्या.”

“अहो, घर कुणाचं?”

“आता मला काय ठावं? मी कळसात चार म्हैनं ऱ्हातू, बाकी रानात.”

आम्ही पोट धरून हसलो. रायटर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं एसटी करून ते कळसला गेले. विकणाऱ्यानं आबांना दाखवलं होतं रस्त्यावरचं चांगलं घर, आणि कागद होते त्याच्या मागच्या पडक्या जागेचे. रायटरांनी दस्त लिहायला नकार दिला, विकणाऱ्याला चावडीवर बसवलं, आणि पुढं आबांना दुसरं, खरं घर मिळालं तेव्हाच टाक उचलला.

तर हे आबा कुठून तरी ऐकून, काठी टेकत, घोंगडी खांद्यावर टाकून कचेरीत हजर झाले. “कुठं आंगठा पायजे?”

रायटर म्हणाले, “आबा, मी सांगितलं व्हतं ना, जामीन ऱ्हाऊ नगा?”

“व्हय. कुणाला बी जामीन ऱ्हाऊ नगा म्हणलासा. पन ‘मला जामीन ऱ्हाऊ नगा’, असं कुठं म्हणलं व्हतं तुमी?”

शब्दात खोट काढण्यात ज्यांचा हात कुणी धरत नसे, त्यांना या वाक्यात खोट सापडेना. त्यांनी आबांचा अंगठा धरून स्वतःच शाईत टेकवला.

दुसरा जामीन कोण? तर ऐका आणि माणुसकीवर विश्वास ठेवा. दुसरे जामीन झाले घरमालक तात्या! कायद्यानं भाडेकरूला हलवता येत नाही आणि भाडं वाढवता येत नाही, म्हणून तात्या वर्षानुवर्षं कुढत होते. खोली रिकामी होणार म्हटल्यावर त्यांनी अशी झोकदार सही केली, की कागद फाटायचा राहिला. वर सगळ्यांना सांगत सुटले, “शेजारधर्म हाय!”

खरेदीखत रायटरांनी स्वतःच लिहिलं. त्यासाठी नवं निब आणलं. दस्त माझ्या टेबलावर आला. मी नेहमीप्रमाणं वाचत गेलो आणि चतुःसीमेपाशी थांबलो. पूर्वेस शेजाऱ्याचं नाव, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस परडं. आणि पश्चिमेस, जिथं नुसता बोळ होता, तिथं मोत्यासारख्या अक्षरात रायटरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्यांच्या घराच्या पश्चिमेस तेच!

मी त्यांना जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. “पश्चिमेस कोण, रायटर?”

त्यांनी पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “च्यायला,” ते हळूच म्हणाले. “दुसऱ्याच्या दस्तात यायचं ते आपल्याच दस्तात आलं.”

एवढा मोठा विनोद ताटात वाढून आलेला, आणि कचेरी भरलेली. पण या खेपेला मी तो ताटातच राहू दिला आणि दस्त त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी नाव खोडलं, वर ‘बोळ’ लिहिलं, बाजूला सही केली. त्यांच्या उभ्या आयुष्यातली ती एकच खाडाखोड. पैजेप्रमाणं मी चहा मागवला. तो रायटर बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

कऱ्हाटीहून भाऊ गाडी घेऊन आला तो नेमका त्याच आठवड्यात. उखळ गाडीत चढलं, पण गाडी कऱ्हाटीच्या वाटेला न लागता कालव्याच्या गल्लीत वळली. खड्डा रायटरांनी स्वतः खणला, टोपी न काढता. उखळ बसलं, कडेनं माती ठोकली, आणि वहिनींनी त्यात पहिल्यांदा हळद टाकली. “तात्यांना बोलवा,” त्या म्हणाल्या, “भुईला हात लावलाय म्हणावं.”

त्यानंतर रायटरांना एकच चिंता उरली. शेजारी काही केल्या घर विकेना. ते रोज त्याला विचारत, “काय, ह्या साली कुठं बदली-बिदली? पोरीचं लगीन? काय अडचण?” शेजारी देवाच्या दयेनं सुखात होता. दुसऱ्याचं सुख इतकं जाचलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात रायटर तापानं गेले. पाच दिवसांत. आबा कळसहून आले आणि अंगणात पन्हळीखाली भिजत उभे राहिले, त्यांना बाजूला व्हायलाही कुणी सुचवलं नाही. मेजावरच्या दौतीत शाई होती, ती मी झाकण लावून वहिनींकडं नेऊन दिली. कर्ज वहिनींनी फेडलं, लोकांचं तिखट-हळद कुटून, एकाही जामिनाच्या दाराशी पतपेढीचा माणूस जाऊ न देता. रायटरांची मिरची खरं म्हणजे कुणालाच लागली नाही.

आणि वर्षभरात तो सुखी शेजारी घर विकून पुण्याला गेला. घेतलं मी.

पतपेढीत मलाही दोन लायक जामीन लागले. एक मिळाला. दुसऱ्यासाठी मी चार दिवस हिंडलो आणि पाचव्या दिवशी वहिनींच्या ओट्यावर जाऊन नुसता बसलो. कचेरीतला माझा तो विनोद त्यांना ठाऊक होता. तसल्या गोष्टी बाईच्या कानावर घालायला गाव तत्पर असतं. त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, नवऱ्याचा टाक आणला आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

“वहिनी...” मी म्हणालो.

“मिरची जपून खावा, भावजी,” त्या म्हणाल्या, “म्हंजे झालं.”

दस्त लिहायला नवा रायटर होता, पोरसवदा. “पश्चिमेस कोण?” त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं टाक थांबवला. “ते तर वारले ना? वारसाचं नाव लिहितो.” मी नकाराची मान हलवली. “निदान मयत तरी लिहू द्या.”

“काही लिहू नकोस,” मी म्हणालो. “फक्त नाव.”

इतकी वर्षं दस्त तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या खरेदीखतात ही खोट ठेवली आहे. रायटरांनी ती पहिल्या नजरेत काढली असती. ते नाव मी या लेखात कुठंही दिलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या कागदावर यायला हवं होतं त्यावर ते आलेलं आहे.

आमची भिंत सामाईक आहे. चैत्र लागला की वहिनी तिखट कुटायला बसतात, मुसळाचा दणका भिंतीतून येतो, आणि पश्चिमेचा वारा सुटला की सबंध घर ठसकायला लागतं. बायको ओरडते, खिडकी लावा म्हणून. मी डोळे पुसतो आणि खिडकी उघडीच ठेवतो.